मिसच्या रुखवतातली यमुना

त्या वर्षी आमच्या घरातले चमचे एकामागून एक नाहीसे होऊ लागले. आईने आधी मोरीच्या जाळीपाशी शोधलं, मग शेजारी काय काय दिलं होतं ते आठवून पाहिलं, आणि शेवटी एका संध्याकाळी माझं दप्तर ओट्यावर उपडं केलं. त्यातून चमचे निघाले, झारा निघाला, तिच्या भरतकामाच्या दोऱ्याचं रीळ आणि अप्पांचा दाढीचा आरसासुद्धा निघाला. “फिजिक्सचं सामान आहे,” मी म्हणाले. आईने कमरेवर हात ठेवले. “आणि मी आमटी कशान वाढू? तुझ्या फिजिक्सान?” आई एरवी मुंबईचं मराठी बोलायची. पण राग आला किंवा हसू आवरेना की तिची मालवणी बाहेर यायची, आणि त्या संध्याकाळी दोन्ही एकदम आलं होतं.

ईरा, मागच्या रविवारी तू व्हिडिओ कॉलवर मला तुझ्या शाळेचं विज्ञानाचं खोकं दाखवलंस ना, ज्यात प्रत्येक वस्तूला आपापला खण होता आणि वर नाव छापलेलं होतं, तेव्हाच मी ठरवलं की हे प्रकरण आधी लिहायचं. मला ते खोकं फार आवडलं. तुम्हाला माहीत आहे, तुमच्या आजीला वस्तू जागच्या जागी लागतात. निहार, तू हसू नकोस, तुझे मोजे मीच रंगाप्रमाणे लावून दिले होते. पण आमच्या वेळी असं खोकं नव्हतं. आमचं खोकं म्हणजे आमच्या आयांची स्वयंपाकघरं, आणि ते रिकामं करताना आम्ही बोलणी खायचो. हे मी मराठीत लिहिते आहे, कारण यातली माणसं इंग्रजीत बोलायला लागली की मला ओळखीची वाटत नाहीत. अडलं तर आईला विचारा.

आम्ही तेव्हा भांडुपला राहायचो. दोन खोल्या, बाहेर लांब सामाईक गॅलरी, गॅलरीच्या टोकाला नळ. सकाळ कंपनीच्या भोंग्याने व्हायची, पण त्याच्याही आधी स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज यायचा आणि मग तव्यावर घावन टाकल्याचा चर्रर्र. कुळथाची पिठी शिजायला लागली की तिचा वास चार दारं पलीकडे जायचा आणि तिथून कोणीतरी ओरडायचं, “वहिनी, वाटीभर ठेवा हां!” अप्पा औषधांच्या कारखान्यात भांडारपाल होते. त्यांना इंग्रजीचं फार प्रेम. त्यांनी पोटाला चिमटा घेऊन मला मुलुंडच्या मुलींच्या इंग्रजी शाळेत घातलं होतं, आणि रोज संध्याकाळी खुर्चीत डोळे मिटून ते माझ्याकडून इंग्रजी पेपर मोठ्याने वाचून घ्यायचे. अर्थ मला कळत नसे आणि त्यांनाही सगळा कळत असेल असं नाही. पण मी न अडखळता वाचलं की त्यांच्या चेहऱ्यावर गोड काहीतरी खाल्ल्यासारखं समाधान दिसायचं.

त्यामुळे न अडखळता बोलणं हीच माझी विद्या झाली होती. शाळेत देसाई सर आम्हाला फिजिक्स शिकवायचे, म्हणजे व्याख्या लिहून द्यायचे. वर्गाच्या मागच्या भिंतीला काचेचं कपाट होतं. त्यात भिंगं होती, लोहचुंबक होते, एक सुंदर पितळी तराजू होता. कपाटाला कुलूप आणि किल्ली सरांच्या खिशात. “फुटतं,” ते म्हणायचे. लोहचुंबक कसा फुटेल, असं आमच्या शोभाने एकदा विचारलं होतं, आणि ती तास संपेपर्यंत बाहेर उभी होती. शोभा माझी जिवाची मैत्रीण. तिचे वडील नगरहून येऊन रेल्वेत लागलेले. घरात बुद्धवंदना आणि पुस्तकं दोन्ही भरपूर, आणि मनात आलेलं तोंडावर यायला शोभाला क्षणभरही लागायचा नाही. मी मात्र बाकावर सरळ बसून सगळ्या व्याख्या पाठ करायचे आणि पैकीच्या पैकी मिळवायचे. मला वाटायचं, मला फिजिक्स येतं.

नववीत सर वरच्या वर्गांकडे गेले आणि आमच्याकडे राणे मिस आल्या. मला त्या ओळखीच्याच होत्या, कारण आमच्याच गॅलरीत शेवटच्या खोलीत त्या आईवडिलांबरोबर राहायच्या. पण घरी ओलं डोकं पंच्यात गुंडाळून नळावर उभी असणारी सुनंदाताई आणि वर्गात आलेल्या राणे मिस ही दोन वेगळीच माणसं होती. पहिल्या दिवशी त्यांनी सांगितलं, उद्या प्रत्येकीने एक चमचा आणि हातभर दोरा आणायचा. दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, आवाज म्हणजे काय? माझा हात वर गेलाच. मी उभी राहिले आणि इंग्रजीत अख्खी व्याख्या एका दमात म्हणून दाखवली.

“छान,” मिस म्हणाल्या. “आता करून दाखव.”

करून काय दाखवायचं असतं ते मला कोणी कधी सांगितलंच नव्हतं. मिसनी चमचा दोऱ्याच्या मधोमध बांधायला लावला, दोऱ्याची दोन टोकं दोन बोटांना गुंडाळायला लावली, आणि ती बोटं कानात घालून चमचा बाकाच्या कडेवर आपटायला सांगितला. मुलांनो, पुढची ओळ वाचायच्या आधी उठा आणि करून बघा. बाहेरच्याला नुसतं टिंग ऐकू येतं. तुमच्या कानात मात्र देवळातली मोठी घंटा वाजते, तीही गाभाऱ्यात उभं राहून ऐकावी तशी. मी दचकले आणि मोठ्याने हसले. वर्गात मी हसल्याचं ते पहिलंच. तेवढ्यात मुख्याध्यापिका दारावरून गेल्या. त्यांना दिसलं की अख्खा वर्ग कानात बोटं घालून वाकलाय, कोणीच बाईंकडे बघत नाहीये आणि सगळ्या जणी गालात हसताहेत. त्या थांबल्या. मिसनी शांतपणे त्यांच्या हातात एक चमचा दिला. त्या दिवसापासून मुख्याध्यापिका आमच्या बाजूच्या झाल्या.

पुढे वर्षभर हेच चाललं. काडेपेट्यांचे टेलिफोन झाले, अगरबत्तीच्या खोक्यात दोन आरसे तिरपे बसवून पेरिस्कोप झाला, वहीच्या कागदाचा द्रोण करून त्यात मेणबत्तीवर पाणी उकळलं आणि कागद जळला नाही म्हणून शोभाने टेबलावर हात आपटून “झकास!” म्हटलं. काहीतरी बिघडायचंही. तेव्हा मिस कधी स्वतः दुरुस्त करून देत नसत. त्या नुसत्या हाताची घडी घालून विचारत, “कुठे अडलंय?” मला हा प्रश्न मुळीच आवडायचा नाही. वाचलेलं मला पटकन सांगता यायचं. अडलेलं शोधायला वेळ लागायचा, हात माखायचे, आणि शेजारचीचं आधी व्हायचं. तरीसुद्धा तो तास संपू नये असं वाटायचं.

दहावीतही मिस आमच्याकडेच राहिल्या, आणि वर्ष सुरू होताच त्यांचं लग्न ठरलं. मुलगा घाटकोपरचा, बँकेत, नाव अरविंद. बैठकीच्या दिवशी चहा आणि कांदेपोहे आमच्या घरूनच गेले, त्यामुळे आई सगळं ऐकून आली होती. मुलाची आई, म्हणजे सगळे ज्यांना माई म्हणायचे त्या, उंच, गोऱ्या, फार कमी बोलणाऱ्या. दोन गोष्टींवर बैठक जरा ताणली गेली. मिसच्या आईचे, म्हणजे राणेकाकूंचे, गुडघे धरलेले होते, जमिनीवर बसलं की उठायला दोन माणसं लागायची. म्हणून मिसनी स्वतःच सांगितलं की लग्नात विहिणीचे पाय धुवायचा मान होणार नाही, आई वाकणार नाही. नवऱ्याकडच्या एका आत्याबाईंनी नाक मुरडलं. मग मिस म्हणाल्या, नोकरी मात्र मी चालू ठेवीन, माझ्या मुली दहावीला आहेत. यावर माईंनी कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, “ते लग्नानंतर बघू.”

आईने हे सांगितलं तेव्हा शोभा आमच्याकडेच होती. “बघू म्हणजे नाही,” ती म्हणाली. “माझी आत्या पण ‘बघू’ म्हणते. नेहमी नाहीच असतं. वाट लागली आपली, नलू. परत देसाई सर.” मला रात्रीचं जेवण गेलं नाही. सर परत आले तर व्याख्या परत येणार होत्या, आणि व्याख्यांत मला तर कुणीच हरवलं नसतं. पण आता मला त्या नको होत्या. मला मिस हव्या होत्या, आणि त्या राहणार की जाणार हे एका अनोळखी बाईच्या एका शब्दावर लटकलं होतं.

आता रुखवत म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला हवं. लग्नात मुलीकडचे लोक एका मोठ्या टेबलावर मुलीच्या हातच्या कलाकुसरीच्या वस्तू मांडतात. क्रोशाचे रुमाल, सुपाऱ्यांचं तुळशीवृंदावन, कापडी नवरा-नवरी, साखरेची फुलं, करंज्या-लाडवांची ताटं. मग नवऱ्याकडच्या बायका येऊन बारकाईने बघतात, कौतुक करतात आणि टाके तपासतात. आमच्या अख्ख्या बिल्डिंगमधल्या मुलींची रुखवतं आईच्या हाताखालून गेलेली. राणेकाकूंची नजरही मंदावली होती, म्हणून मिसचं रुखवत आईने अंगावर घेतलं. एका दुपारी ती आणि मिस सुपाऱ्या रंगवत बसल्या होत्या. मिसच्या हातचं वृंदावन एका बाजूला कलत होतं. “सुनंदा, तुझ्या हातात काही कला नाही गं,” आई अगदी मायेने म्हणाली. “आता रुखवतात तुझं म्हणून काय ठेवू मी? खडू?”

“खडू नको,” शोभा म्हणाली. “प्रयोग ठेवा ना, काकू!”

आईने आधी धुडकावून लावलं. रुखवतात नळ्या आणि डबे ठेवले तर लोक हसतील, म्हणाली. पण रुखवतात सप्तपदीची सात पावलं मांडायची पद्धत असते. तांदळाची सात पावलं, प्रत्येक पावलापाशी एक शोभेची वस्तू. मी, व्यवस्थितपणाचा किडा, लगेच म्हणाले की मग सात पावलांपाशी सात प्रयोग. आईचा हात थांबला. सात हा आकडा तिला पटला. मिस हसत होत्या. मला वाटतं त्यांना आमच्यापेक्षा जास्त मजा वाटत होती.

मग आमची खोली प्रयोगशाळा झाली. अप्पांनी कारखान्यातून फुटक्या खोक्यातल्या टाकाऊ काचेच्या कुप्या आणल्या. त्यातल्या एका कुपीला आईने चमकीची शेपटी लावून मासा केला. मासा पाण्याने काठोकाठ भरलेल्या बरणीत सोडला आणि बरणीच्या तोंडावर फुग्याचं रबर ताणून बांधलं. रबर दाबलं की मासा बुडायचा, सोडलं की वर यायचा. अप्पा कामावरून आले की चहाच्या आधी मासा दोनदा बुडवायचे. कापडी नवरीला आईने एका पायावर उभं केलं, तिच्या कमरेतून वाकवलेली तार काढून तारेच्या दोन्ही टोकांना खाली सुपाऱ्या लटकवल्या, आणि ती नवरी बाटलीच्या तोंडावर एका बोटावर डुलायला लागली, पण पडेना. आई गॅलरीतल्या बायकांना हाक मारून दाखवायची, “बघा, कितीही ढकला!” गुरुत्वमध्य हा शब्द तिने कधी उच्चारला नाही, पण सुपारी किती खाली लटकवायची ते तिला माझ्याआधी कळलं.

सातवं पाऊल मात्र माझं. मिसनी मला वसुदेवाच्या पेल्याबद्दल सांगितलं होतं. जुन्या घरांत असा पितळी पेला असायचा. आत टोपलीत बाळकृष्ण घेतलेला वसुदेव. पेल्यात पाणी ओतत जायचं. यमुना चढत चढत कृष्णाच्या पायाला लागली की खालून सगळं पाणी आपोआप ओसरून जातं. युक्ती एवढीच की मूर्तीच्या आत उलट्या यू आकाराची नळी लपवलेली असते. तिचं एक तोंड पेल्याच्या तळाशी, दुसरं पेल्याच्या बुडातून बाहेर. पाणी नळीच्या वळणावर पोचलं की ते पलीकडे घरंगळतं आणि मागचं सगळं ओढून नेतं. मी बिस्किटांचा रुंद डबा घेतला, दवाखान्यातल्या कंपाउंडरकाकांकडून सलाइनची नळी आणली, बुडाला खिळ्याने भोक पाडून त्यातून नळी खाली काढली आणि भोवतीची फट मेणाने बंद केली. आईने नळीभोवती शाडूचा वसुदेव केला, तो पाण्यात विरघळू नये म्हणून त्याला तेलरंग दिला आणि डब्याला बाहेरून निळ्या लाटा रंगवल्या. डबा दोन पाटांवर ठेवायचा आणि मधल्या फटीखाली पाणी झेलायला तपेली. आम्ही कितीतरी वेळा पाणी ओतलं. यमुना प्रत्येक वेळी ओसरली.

लग्न भांडुपच्याच एका हॉलमध्ये होतं. सकाळपासून भटारखान्यातून फोडणीचा आणि तळल्या जाणाऱ्या वड्यांचा वास येत होता, सनई लावणारा तीच तबकडी पुन्हा पुन्हा लावत होता. आमचं टेबल देखणं दिसत होतं. खाली आईचा नवा क्रोशाचा टेबलक्लॉथ, त्यावर तांदळाची सात पावलं. नवऱ्याकडची मंडळी आली, आणि थोड्या वेळाने माई रुखवत बघायला आल्या. जांभळा शालू, नाकात टपोरी नथ, मागे आत्याबाई. मिस आत गौरीहराशी बसल्या होत्या. मी आणि शोभा टेबलामागे उभ्या होतो.

माईंनी सगळं नीट पाहिलं. मासा बुडवून पाहिला, आणि दुसऱ्यांदा बुडवला तेव्हा मला अप्पा आठवले. नवरीला एका बोटाने ढकललं. चेहऱ्यावर काही हललं नाही. “हे काय?” त्या सातव्या पावलाशी म्हणाल्या. मी सांगितलं, यात पाणी ओता, यमुना कृष्णाच्या पायाला लागली की ओसरेल. त्यांनी तांब्या घेतला आणि सावकाश ओतायला लागल्या. पाणी वसुदेवाच्या गुडघ्याला आलं, कमरेला आलं, टोपलीला आलं. कृष्णाच्या पायाला लागलं. आणि चढतच राहिलं. कृष्णाच्या पोटावर आलं, छातीवर आलं. माईंनी तांब्या थांबवला तेव्हा बाळकृष्णाचा फक्त मुकुट पाण्यावर होता.

“अगंबाई, देवच बुडवला,” आत्याबाई म्हणाल्या. “मुहूर्ताच्या आधी!”

शोभाने माझ्या पाठीत चिमटा काढला. “बोल काहीतरी,” ती पुटपुटली. मला एकच येत होतं. मी ताठ उभी राहिले आणि सायफनची व्याख्या इंग्रजीत म्हणायला सुरुवात केली. माईंनी हात वर केला.

“ते राहू दे गं पोरी. पाणी कुठे अडलंय ते सांग.”

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. त्यांचा प्रश्न अगदी मिसचा होता, फक्त आवाज घोगरा होता. माझ्या डोक्यातलं इंग्रजी थांबलं. पाणी वळणाच्या वर आहे, म्हणजे ते नळीत शिरायला हवं. शिरत नाही, म्हणजे नळीतली हवा बाहेर पडत नाही. हवा बाहेर पडत नाही, म्हणजे खालचं तोंड बंद आहे. हे मी मनात म्हटलं की मोठ्याने ते आठवत नाही. मी वाकून पाटांच्या फटीत हात घातला. तिथे तपेली नव्हती. नळीच्या तोंडाशी काहीतरी मऊ लागलं. मी बोटाने उकरलं. कणीक होती.

तेवढ्यात पलीकडून आई जिवाच्या आकांताने ओरडली, “नलू, काढू नको गो! तपेली मठ्ठ्याक दिलंय!” झालं होतं असं की आचाऱ्याला मठ्ठ्यासाठी भांडं कमी पडलं होतं. आईने माझी तपेली दिली. मग डबा चुकून गळला तर क्रोशाच्या टेबलक्लॉथाचं काय होईल, म्हणून पुरीच्या कणकेचा गोळा तिने नळीत कोंबून टाकला. तिला वाटलं होतं, कृष्ण दिसला की झालं, पाणी कोण ओतणार आहे.

पण कणीक माझ्या हातात आली होती. यमुना धावली. टेबलक्लॉथ भिजला, तांदळाचं सातवं पाऊल वाहून गेलं, आणि टेबलाच्या कडेवरून पाण्याची धार सरळ माईंच्या दोन्ही पायांवर पडली. शालूचा काठ, जोडवी, पैंजण, सगळं ओलंचिंब. डब्यात बाळकृष्ण पुन्हा टोपलीत कोरडा झाला. आई तोंडाला पदर लावून उभी. राणेकाकू खुर्चीवरून उठायचा प्रयत्न करत होत्या.

माईंनी पायांकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं, आणि नथ हलेल इतक्या जोराने हसल्या. “घ्या,” त्या आत्याबाईंना म्हणाल्या, “पाय धुवायचा मान राहिला म्हणून रुसला होतात ना? झाला. आणि विहिणीला वाकावंसुद्धा लागलं नाही.” मग साऱ्या बायका हसायला लागल्या, आत्याबाईही, जरा उशिराने. माई माझ्याकडे वळल्या. “कुणी शिकवलं हे?”

“राणे मिसनी.”

“शाळेत हेच करता तुम्ही?”

मी हो म्हणाले. आणि शोभाला राहवलं नाही. “मिस गेल्या तर देसाई सर येणार, माई. ते लिहून देतात.”

“काय लिहून देतात?”

“हीच व्याख्या. आता नलू म्हणत होती ना, ती.”

माईंनी माझ्याकडे एकदा नीट पाहिलं. मी मान खाली घातली. कोणीतरी पाट-पंचा आणला, त्यांनी पाय पुसले आणि त्या मांडवाकडे गेल्या.

अंतरपाट धरला तेव्हा मिस एका बाजूला हार घेऊन उभ्या होत्या. शोभा त्यांच्या मागे, हातात सहाव्या पावलावरून उचललेला पेरिस्कोप. मंगलाष्टकं चालू असताना तिने तो अंतरपाटाच्या वर धरला आणि मिसच्या कानाशी म्हणाली, “मिस, त्यांना घाम फुटलाय. पण हसतायत.” मिसच्या कपाळावरच्या मुंडावळ्या हसण्याने थरथरल्या. भटजींनी डोळे वटारले. नंतर पंगतीत सगळ्यांनी मिसना नाव घ्यायला लावलं. त्यांनी सोलकढीची वाटी खाली ठेवली आणि म्हणाल्या, “खाली पडतं फळ, वर जाते वाफ, अरविंदरावांचं नाव घेते, चुकले तर करा माफ.” अप्पांनी सगळ्यात मोठ्याने टाळ्या वाजवल्या. मी मात्र माईंच्या पानाकडे बघत होते. त्या जेवण झाल्यावर उठल्या, आमच्या पंगतीवरून जाताना थांबल्या आणि आईला म्हणाल्या, “तो डबा नीट बांधून द्या. माझ्या हाताशी ठेवा.” एवढंच. नोकरीचं अक्षर नाही.

तुमच्या आजीला अजूनही वाट बघायला जमत नाही, हे तुम्हाला विमानतळावर कळलंच आहे. तेव्हा तर विचारू नका. मिस रजेवर होत्या. देसाई सर आमच्या वर्गावर येत होते आणि आम्ही व्याख्या उतरवून घेत होतो. माझं अक्षर सुंदर होतं, आणि मी पहिल्यांदा वर्गात जांभया दिल्या. शोभा रोज म्हणायची, “डबा मागितला म्हणजे चांगलं लक्षण आहे.” मी म्हणायचे, “डबा मागितला, मिसना पाठवते असं कुठे म्हणाल्या?” शोभा म्हणायची, “तू ना, लिहून दिल्याशिवाय काही समजत नाहीस.” राणेकाकूंना विचारावं तर त्या म्हणत, सासरचं आपण कसं विचारायचं, आणि डोळे पुसत. आईसुद्धा त्या दिवसांत कणीक मळताना गप्प असायची.

रजा संपायची होती त्या सकाळी फिजिक्सचा तास तिसरा होता. घंटा झाली. दार उघडेना. शोभाने बाकावर डोकं ठेवलं. मग बाहेर पावलं वाजली, आणि त्यांच्याबरोबर काहीतरी किणकिणलं. हातभर हिरवा चुडा घातलेल्या राणे मिस आत आल्या. काखेत निळ्या लाटांचा डबा होता. आम्ही ज्या ओरडलो, त्यामुळे शेजारच्या वर्गातून कोणीतरी भिंतीवर ठोकलं.

मिसनी डबा टेबलावर ठेवला आणि आम्हाला खाली बसायची खूण केली. “माझ्या सासूबाई,” त्या म्हणाल्या, आणि त्यांना हसू आवरेना, “रोज सकाळी यात पाणी ओततात. सासऱ्यांच्या आंघोळीचं पाणीसुद्धा यातच जातं. दोनदा सासूबाईंनी सगळं सोडवलं आणि पुन्हा जोडलं. आता त्यांनी तुम्हाला एक प्रश्न पाठवलाय. उत्तर घेतल्याशिवाय घरी येऊ नकोस म्हणाल्या, आणि हे झालं की त्यांच्याकडे पुढचे पण तयार आहेत.” त्यांनी डबा वर उचलून खालची नळी आम्हाला दाखवली. “ही नळी आणखी हातभर लांब केली, तर यमुना ओसरायला जास्त वेळ लागेल की कमी?”

“जास्त!” अर्धा वर्ग म्हणाला. “पाण्याला लांब जायचंय.” “कमी,” शोभा म्हणाली, नुसतं विरोधात बोलायचं म्हणून. मिस हाताची घडी घालून उभ्या राहिल्या आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. सवयीने मी उत्तर द्यायला उठले. सायफनची व्याख्या माझ्या जिभेवर तयार होती, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत. मी तोंड उघडलं, परत मिटलं, आणि बाकाबाहेर पडून नळावर बादली भरायला गेले.